पाइप लपवा, पण कॉलममध्ये गाडू नका

सध्या एक दावा सगळीकडे फिरतोय. गच्चीचं पावसाचं पाणी उतरवणारे पाइप बाहेरून दिसले की घर जुनाट वाटतं, म्हणून पाइप सरळ कॉलममध्ये गाडा, एकच मोठा टाकला की पुरतो, आत असल्यामुळे लीकेज होत नाही आणि मेंटेनन्स शून्य. पाइप लपवायला माझी अजिबात ना नाही, एलेव्हेशन, म्हणजे घराचा दर्शनी भाग, खरंच स्वच्छ दिसतं. पण बाकीचं जे सांगतायत ते ऐकून लोक कामं करून घेतायत आणि चूक कळते तेव्हा टाइल्स, रंग सगळं होऊन गेलेलं असतं.

आधी कॉलमचं, कारण सगळ्यात धोक्याचं तेच आहे. पाइपने जेवढी जागा घेतली तेवढं काँक्रीट कमी झालं. २३० बाय ४५० मिमीच्या कॉलममध्ये ११० मिमीचा पाइप घातला तर ९ टक्क्यांहून जास्त क्षेत्रफळ जातं, २३० बाय ३०० असेल तर जवळजवळ १४ टक्के. एसीआय ३१८ या अमेरिकन काँक्रीट कोडच्या २०११च्या आवृत्तीत कॉलममधल्या पाइपांना मर्यादा होती ४ टक्क्यांची! शिवाय सळया आणि पाइपच्या मधे काँक्रीट नीट उतरत नाही, पोकळ्या राहतात, आणि खाली एल्बो (पाइपचा वळणाचा तुकडा) बाहेर काढायला कोणीतरी सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगा सरकवतो नाहीतर कापतो. पुढे जॉइंट गळला की पाणी थेट सळईला, आणि दुरुस्तीसाठी कॉलम फोडणार का? त्यापेक्षा कॉलमला लागून डक्ट, म्हणजे पाइपसाठी उभी पोकळ जागा, करा, पुढून काढता येईल असं पॅनल लावा, बाहेरून दिसतं तेच.

एकच मोठा पाइप पुरतो म्हणे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, तर १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला १०० मिमीच्या जोराने पडला तर तासाला १०,००० लिटर. पाइप कितीही जाड घ्या, पाणी आत किती जाणार ते तोंड आणि जाळी ठरवते. सपाट जाळीवर चार ओली पानं चिकटून बसली की झालं, वरून बघितलं तर जाळी जागेवर आणि पाणी मात्र तिथंच. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, आत १०० मिमी पाणी साचलं तर त्याच गच्चीवर १० टन वजन. म्हणून तोंडं किमान दोन, जाळी घुमटासारखी उंच, आणि पॅरापेटमधून बाहेर पडणारा ओव्हरफ्लो स्पाउट (जास्तीचं पाणी बाहेर टाकणारी नळी) हवाच, तोही गच्चीच्या दाराच्या उंबऱ्याच्या खाली, नाहीतर पाणी आधी घरात येईल. स्पाउटमधून धार पडताना दिसली की समजायचं खाली काहीतरी तुंबलंय.

लीकेज नाही हे तर उलटं आहे. आत ऊन लागत नाही म्हणून पीव्हीसी जास्त टिकतो, एवढं मान्य. पण गळतात ते जॉइंट. आणि खाली चोक झाला तर दोन मजले उंच पाइपात साधारण ६ मीटर पाण्याचा दाब तळाच्या एल्बोवर येतो, नुसते ढकलून बसवलेले जॉइंट तिथं हार मानतात. बाहेरचा पाइप गळला तर त्याच दिवशी दिसतो, आतला गळला की आधी स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या) वर रंग फुगतो, मग पांढरी पावडर यायला लागते, आणि तोवर भिंत पार भिजलेली असते. प्रेशरचा पाइप, सॉल्व्हंट सिमेंटने (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावाने) जोडलेले जॉइंट, आणि डक्ट बंद करायच्या आधी तळाला प्लग लावून पूर्ण पाइप पाण्याने भरून रात्रभर ठेवा, सकाळी पातळी उतरली असेल तर प्लास्टरवाल्याला थांबवा.

मेंटेनन्स शून्य कुठलीच गच्ची नसते. पावसाळ्याआधी तोंडं साफ करावीच लागतात, तळाला जिथं पाइप वळतो तिथं झाकण उघडून हात जाईल असा क्लीनआउट लागतो, आणि तो फर्निचरच्या मागे गेला तर असून नसल्यासारखाच. त्यामुळे ड्रॉइंग पास करतानाच आर्किटेक्टला विचारा की क्लीनआउट नेमका कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीवर येतोय, आणि डक्ट झाकायच्या आधी पाइपला मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवायला सांगा.