हक्कसोडपत्रावरील आक्षेपाला उत्तर

बहिणींकडून जबरदस्तीने हक्कसोडपत्र (वारशाच्या जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा दस्त) करून घेतले जाते, असे मी लेखात लिहिले होते; त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलामुळे 1956 सालीच मुलींना वडिलार्जित जमिनीत भावांइतका वाटा मिळाला, पुढे बहिणींनीच तो राजीखुशीने सोडला आणि त्याला अन्याय म्हणून मी घराघरांत भांडणे लावते आहे.

पहिला मुद्दा वस्तुस्थितीला धरून नाही. बाबासाहेबांच्या मसुद्यात एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्कच रद्द होणार होता. ते बिल रखडले, सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि 1956 च्या वारसा कायद्यात तो जन्मसिद्ध हक्क मुलग्यांपुरता तसाच राहिला. त्याचा हिशेब मांडून पाहावा. आई आधीच वारलेली, मागे दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत, असे धरू. वडील गेल्यावर आधी वडील व दोन मुलगे असे तीन हिस्से कल्पायचे आणि मग वडिलांच्या एकट्याच्या हिस्स्याचे तीन भाग करायचे. म्हणजे मुलीला नऊ आण्यांतला एक आणा आणि प्रत्येक भावाला चार आणे. शिवाय राहत्या घराची वाटणी भावांनी काढल्याखेरीज तिला मागताही येत नसे. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. देशभरात सर्व मुलींना तो 9 सप्टेंबर 2005 पासून मिळाला आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करेपर्यंत 2020 उजाडले.

राजीखुशीबद्दल मात्र आपण मला विचार करायला लावलेत. माझ्या आत्याने आजोबांच्या वर्षश्राद्धानंतर हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हा मी शेजारी उभी होते. कोणी तिला दरडावले नाही. सोडणार का, असेही कोणी विचारले नाही. कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात सही करायची, तेवढे दाखवले. घरी आल्यावर तिला साडीचोळी मिळाली आणि पुढे सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस झाला, म्हणजे ते कमी झाले. "दिवाळीला यायला दार उघडं राहिलं म्हणजे झालं," असे ती परतीच्या एसटीत म्हणाली. माहेर टिकवण्याची किंमत म्हणून जमीन सोडणे याला कायद्याच्या भाषेत संमतीच म्हणतील, पण भावाला माहेर टिकवायला असे काहीच मोजावे लागत नाही, आणि माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

तरीही मूळ लेखातला "जबरदस्तीने" हा शब्द सरसकट वापरणे चूक होते. स्वतःची बरी ऐपत असलेल्या आणि गरजू भावासाठी विचारपूर्वक वाटा सोडणाऱ्या बहिणी मीही पाहिल्या आहेत. तो शब्द आज काढून त्या जागी "न विचारता" असे लिहिले आहे.