एक्झॉस्ट आहे हो, पण हवा आत कुठून येते?

नरकचतुर्दशीला सूर्य उगवल्यावर अंघोळ करणारा नरकात जातो, असं माझी आजी सांगायची. आमच्या घरी हा मान दरवर्षी धाकट्याचा. तीन दिवाळ्यांपूर्वीही तोच शेवटचा होता. आधी सासूबाई, मग नवरा, मग मी, असं एकामागून एक तेल-उटण्याचं उरकलं आणि साडेसहाला याला ढकलत बाथरूममध्ये पाठवलं. आत मोबाइलवर गाणी लावायची त्याची सवय. मी चकल्या डब्यात भरत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. गाणी चालू, पण पाण्याचा आवाज एकाच लयीत येतोय, मध्ये तांब्याचा नाही की मगचा नाही. हाक मारली. ओ नाही.

नवऱ्याने दोन धक्क्यांत कडी तोडली. स्वस्तातली कडी लावल्याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. पोरगा भिंतीला टेकून बसलेला, डोळे अर्धे उघडे. "आई, डोकं फुटतंय," एवढंच म्हणाला आणि ओकला.

गॅलरीत आणून बसवलं. शेजारचे काका म्हणाले, उपाशीपोटी गरम पाण्याने चक्कर येते, साखरपाणी द्या. सासूबाईंनी मीठ-मोहरी आणली. मी शहाणपणा करून कोविडातला ऑक्सिमीटर शोधला. ९८. हुश्श झालं. आणि तीच माझी सगळ्यात मोठी चूक, कारण त्या आकड्यावर विसंबून आम्ही अर्धा तास घरीच घालवला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा नव्हता. "गिझर गॅसचा आहे का? बाथरूमच्या आत आहे?" गॅस अर्धवट जळला की निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, आणि बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या दोघांत फरकच करू शकत नाही. पोराचं रक्त प्राणवायूला मुकलेलं, आणि मशीन म्हणतंय ९८. चार तास मास्क लावून ऑक्सिजन दिला, मग तो माणसात आला. ठणठणीत आहे आता. यंदाही शेवटीच उठणार आहे.

आता मुद्दा. परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर हा विषय निघाला तर लगेच तिघांचं उत्तर आलं, "आमच्याकडे एक्झॉस्ट आहे." अहो, आमच्याकडेही होता. आणि त्या दिवशी चालूही होता. मुद्दाम लिहितेय.

झालं होतं असं की त्याच वर्षी उन्हाळ्यात आम्ही बाथरूम नवीन करून घेतलं. जुन्या खिडकीला काचेच्या तिरप्या पट्ट्या होत्या, त्यांतून पाली आणि झुरळं यायची. मीच सांगितलं कॉन्ट्रॅक्टरला, ती कटकट बंद करा. त्याने एकसंध काच बसवली आणि कोपऱ्यात पंखा. पाणी बाहेर येतं म्हणून दाराशी ग्रॅनाइटचा उंबरा, त्यावर घट्ट बसणारं पीव्हीसीचं दार, खाली रबराची पट्टी. वरून फॉल्स सीलिंग. दिसायला हॉटेलसारखं. गिझर मात्र होता तिथेच, नळाच्या वर. आम्ही स्वतःच्या पैशाने एक डबा तयार केला आणि त्यात शेगडी पेटवून माणूस बसवला.

पंखा हवा बाहेर फेकतो हे खरं, पण तेवढीच हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता गरगरतो. आमच्या पंख्याच्या तर बाहेरच्या झडपाही धुळीने अर्ध्याच उघडायच्या, हे नंतर स्टुलावर चढून पाहिल्यावर कळलं.

मी अकाउंट्सवाली बाई, त्यामुळे नंतर हिशोब मांडला. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर ताशी किलोभर गॅस खातो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर, म्हणजे १२ हजार लिटर हवा लागते. आमचं बाथरूम चार बाय सहा फूट, उंची साडेसात. आत सगळी मिळून हवा पाच हजार लिटर. पंधरा मिनिटांच्या एका अंघोळीला गिझरच तीन हजार लिटर मागतो. आणि पाचही हजार संपायची वाट बघावी लागत नाही. हवेत २१ टक्के असलेला ऑक्सिजन थोडा जरी खाली आला तरी ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. आमच्याकडे तर त्या पहाटे धाकट्याआधी तीन अंघोळी झालेल्या. मधे दार उघडलं असेल तेवढंच.

"गॅसचा वास आला असता की!" हे दुसरं उत्तर. वास येतो तो गळणाऱ्या गॅसला, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. जळून झाल्यावर जे बनतं त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आगही नाही. माझ्या आजोळी परसात तांब्याचा बंब होता. बंबफोड, राख, नळीतून भसाभसा धूर. धूर होता म्हणूनच तो परसात होता, त्याला घरात घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. गिझर पांढराशुभ्र, बटण नाही की काडी नाही, नळ सोडला की पेटतो. म्हणून आपण त्याला नळाचाच एक भाग समजतो. ती चूल आहे.

त्यातले सेफ्टी फीचर्सही नीट समजून घ्या. ज्योत विझली तर गॅस बंद होतो, हे चांगलंच. पण ज्योत पेटलेली असताना हवा कशी आहे हे तो भाग बघत नाही. बऱ्याच मॉडेलना वीस मिनिटांचा टायमर असतो. नळ बंद करून पुन्हा सोडला की तो पहिल्यापासून मोजतो. स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा अलार्मही इथे कामाचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा मिळतो. आमच्याकडे आता आहे.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं तर ते बंदिस्तच लागतं, म्हणजे जळायला हवा बाहेरून घेणारं आणि धूर बाहेरच सोडणारं. आपल्याकडे बसवायला येणारा मुलगा विचारतो, "ताई, कुठल्या भिंतीला लावू?" आणि आपण टाइल्सची डिझाइन झाकली जाणार नाही अशी जागा दाखवतो.

आम्ही गिझर ड्राय बाल्कनीत, म्हणजे धुण्या-भांड्यांच्या उघड्या बाल्कनीत हलवला. भिंतीतून गरम पाण्याची पाइप आत घेतली, सुरुवातीची अर्धी बादली गार येते, चालतं. पण इथेही एक मेख आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांनी ड्राय बाल्कनीला स्लायडिंग काचा लावून ती खोली केलीय. तिथे गिझर हलवून काय मिळवलं? आणि खालच्या मजल्यावरच्या एकांनी गिझर डक्टच्या, म्हणजे बिल्डिंगमधल्या पाइपांच्या उभ्या पोकळीच्या खिडकीत बसवलाय, त्याच डक्टमध्ये वरच्या सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले तर विषय पार्किंगवर गेला.

ज्यांना लगेच हलवणं जमत नाही त्यांनी निदान दार उघडं ठेवून बादल्या भराव्या, गिझर बंद करावा, मग कडी लावावी. शॉवर विसरा. दाराला खाली आणि भिंतीला वर, अशी बंद न होणारी जाळी हवीच. डासांची बारीक जाळी नको, ती महिन्याभरात तंतूंनी बुजते. ज्योत पिवळी दिसली किंवा गिझरच्या वर काजळी धरली तर त्या दिवसापासून वापर बंद. निळी दिसली म्हणून मात्र निर्धास्त राहू नका.

आणि एक करून बघा. गिझर बंद ठेवून एक्झॉस्ट लावा, बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्या आणि दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जातोय का? आमच्या त्या हॉटेलसारख्या बाथरूममध्ये तो सरळ वर गेला होता.

आता दाराला खाली वीतभर जाळी आहे. पायाला गार वारा लागतो म्हणून धाकटा रोज ओरडतो. झुरळंही परत आलीत.