थेरपी म्हणजे पैसे देऊन गप्पा? त्या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय, मानसिक त्रासासाठी समुपदेशकाकडे जाऊन बोलण्याविरुद्ध: "सावधान!! थेरपी नावाचा नवा धंदा" असं वर लाल अक्षरात, खाली सहा मुद्दे आणि शेवटी "प्रत्येक आईपर्यंत पोचवा". आधी दोनतीन ठिकाणी पाहिला तेव्हा सोडून दिला. पण मागच्या आठवड्यात मोठ्या मामाने तो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि काका गेल्यापासून धड झोप नसलेली माझी मावशी, जिला आम्ही सगळ्यांनी मिळून कसंबसं सेशनला जायला तयार केलं होतं, तिने कोणाला न विचारता फोन करून वेळ रद्द केली. का, तर "नको बाई, नाव लागतं."

तर आधी तोच मुद्दा. फॉरवर्ड म्हणतो, एकदा थेरपीला गेलात की रेकॉर्ड सरकारकडे जातं, मग पासपोर्ट, नोकरी, मुलीचं लग्न, सगळं अडकतं. अहो, पासपोर्टच्या फॉर्मात कोर्टकेस आहे का विचारतात, कोणापाशी बसून रडलात का हे नाही विचारत. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्याचं कलम २३ गोपनीयतेचंच आहे. उपचार करणाऱ्याने तुमची माहिती बाहेर सांगायची नाही. अपवाद आहेत, कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाने मागितलं तर, पण त्यात "सोयरिकीसाठी चौकशी आली" हा अपवाद नाही. लग्नं मोडतात ती ग्रुपवर बोलणाऱ्या नातेवाइकांमुळे.

मुद्दा दुसरा, "नुसत्या गप्पांचे पैसे घेतात, त्यापेक्षा मैत्रिणीशी बोला". मैत्रिणीशी जरूर बोला. पण हे गप्पांचं प्रकरण तपासून झालंय, आणि तेही आपल्या शेजारी गोव्यात, साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये. 'संगत' ही तिथली संस्था, तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल वगैरे मंडळींनी ४९५ लोकांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळ्यांना बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन. निम्म्यांना नेहमीचे उपचार जरा नीट करून दिले, निम्म्यांना त्यावर सहा ते आठ सेशन. सेशनमध्ये काय, तर दिवसभर काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं ते बघायचं, सुटून गेलेली छोटी कामं ठरवून परत सुरू करायची, म्हणजे देवळापर्यंत चालत जाणं, शेजारणीकडे डोकावणं असलं काहीतरी, आणि पुढच्या वेळी जमलं की नाही, नसेल तर कुठे अडलं हे बोलायचं. तीन महिन्यांनी सेशनवाल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनच्या बाहेर होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. गप्पांनी एवढं होत असेल तर गप्पा म्हणा, माझी हरकत नाही.

आता इथे मामा म्हणेल की गोव्यातले ते समुपदेशक काही डिग्रीवाले नव्हते, म्हणजे फॉरवर्डचा तिसरा मुद्दा खरा, "तीन महिन्यांचा कोर्स करून कोणीही थेरपिस्ट होतं". अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. बोर्ड लावणारे भोंदू आहेत, वीकेंड कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून बसलेलेही आहेत. पण गोव्यातल्या लोकांना एकच ठरलेली पद्धत शिकवली होती, त्यांची सेशन्स रेकॉर्ड व्हायची आणि बाकीचे ती ऐकून मार्क द्यायचे, कोणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे थेरपी देणारा रीतसर शिकलेला माणूस, व्हायची आपल्याकडची आजवरची रूढ वाट म्हणजे बीए, एमए, मग हॉस्पिटलमध्ये दोन वर्षांचं एमफिल, सिनियरच्या देखरेखीखाली पेशंट बघत. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. तो नोंदणी नंबर विचारा की! सरळ माणूस लगेच सांगतो, गडबडला तर उठून या. (औषधं हा सायकॉलॉजिस्ट देत नाही, ती सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांचा डॉक्टर, देतो. फॉरवर्डमध्ये दोघांची खिचडी केलीये.)

"मुलांना आईबापांविरुद्ध भडकवतात" यावर काय बोलणार. मुलगा पहिल्यांदा "मला हे आवडत नाही" म्हणाला की ते भडकवणं वाटतं, त्याला इलाज नाही.

"आपल्या आज्यांना कुठे लागली थेरपी?" माझी आजी महिन्यातून चार दिवस डोक्याला फडकं घट्ट बांधून अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची आणि घरचे म्हणायचे "तिचं डोकं उठलंय, जाऊ नका तिकडे". लागली नाही म्हणे. विचारलं कोणी?

राहिली फी. ती जास्त आहेच, दर आठवड्याला हजार-दीड हजार सगळ्यांना झेपत नाहीत, यावर मी फॉरवर्डशी भांडणार नाही. फक्त त्यात जे लिहिलं नाहीये ते लिहिते: १४४१६. टेलि-मानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपरच्या पैशात बघतात, लाईन मोठी असते, सकाळी लवकर जा.