तोंडाच्या वासाबद्दल डेंटिस्टनी स्वतःहून विचारायला हवं

बोलताना हात आपोआप तोंडापाशी जायचा. मीटिंगमध्ये कडेची खुर्ची, लिफ्टमध्ये मान दुसरीकडे. चार वर्षं अशीच गेली. त्या काळात मी तीनदा डेंटिस्टकडे गेले. दोनदा दात साफ करून घेतले, एकदा दाढ भरली. तिसऱ्या वेळी धीर करून म्हटलं, "डॉक्टर, माझ्या तोंडाला वास येतो."

"दात तर ठीक आहेत. पोट साफ होतं का? पोटाच्या डॉक्टरांना दाखवा." वर एक माउथवॉश लिहून दिला. जीभ बाहेर काढा, एवढंसुद्धा कुणी म्हटलं नाही.

मला राग येतो तो याचा. वास येणाऱ्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत त्याचं मूळ तोंडातच असतं. अन्ननलिकेचं तोंड एरवी मिटलेलं असतं, पोटातला वास दिवसभर वर येत राहत नाही. जिभेच्या अगदी मागच्या भागावर, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे थर साचतो. हिरड्यांच्या खाचांतही तेच. हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथल्या प्रथिनांचं विघटन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन असे गंधकाचे वायू सुटतात. हे काही कालपरवा कळलेलं नाही. कॅनडातले संशोधक जोसेफ टॉन्झेटिच यांनी 1970 च्या दशकातच हे वायू मोजून दाखवले होते. मग अजूनही पहिलं बोट पोटाकडेच का जातं?

मला वाटतं, किडलेला दात दिसतो, हिरडीचं रक्त दिसतं, वास मात्र एक्स-रेमध्ये येत नाही. शिवाय डेंटिस्टकडे जाताना आपण सगळेच घासूनपुसून, चुळा भरून जातो. समोर डॉक्टर मास्क लावून. त्यांना वास येणार कसा? म्हणून तर विचारायला हवं.

नंतर ज्या डेंटिस्टकडे गेले, त्यांनी विचारलं. फोनवरच सांगितलं होतं की येताना ब्रश करू नका, काही खाऊ नका. मास्क उतरवून जवळ आल्या. आधी तोंड मिटून नाकाने श्वास सोडायला लावला, मग नाक दाबून तोंडाने. नाकातूनच वास आला असता तर सायनसकडे बघावं लागलं असतं, दोन्हीकडून आला असता तर रक्ततपासणी. माझा फक्त तोंडातून येत होता. मग जिभेच्या मागून गॉझचा, म्हणजे पातळ जाळीदार कापडाचा, तुकडा फिरवला, हुंगला, आणि मलाही हुंगायला दिला. पिवळट डाग होता त्यावर. मला रडू आलं, कारण चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते खरं मानलं होतं.

उपाय साधाच निघाला. हिरड्यांच्या आतली खोल सफाई, दातांच्या फटींसाठी फ्लॉस, आणि रोज रात्री जीभ मागून पुढे हलक्या हाताने खरवडणं. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश दोनच आठवडे दिला. जास्त दिवस वापरला तर दातांवर डाग पडतात, चव बदलते, हेही आधीच सांगितलं. आधीच्या बाटलीबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं, मी ती वर्षभर वापरली.

काहींना वास येतच नसतो, पण येतो असं मनानं घेतलेलं असतं. त्यांनाही "काही नाही हो" म्हणून परत पाठवू नका. नीट तपासा, जे आढळेल ते समोर दाखवा, आणि तरी भीती जात नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.

माझ्या मित्रयादीत डेंटिस्ट बरेच आहेत, तुम्हालाच सांगतेय. केसपेपरवर दात, हिरड्या यांच्या शेजारी एक ओळ वाढवा: तोंडाच्या वासाचा त्रास आहे का? तोंडाने विचारायला तुम्हालाही अवघड वाटत असेल, तर पेशंटला तिथे नुसती खूण करू द्या.