दुब्रावका उग्रेशिच : छळाच्या आधीची लेखिका

दुब्रावका उग्रेशिच यांच्याविषयी काहीही वाचायला घेतले, की त्यांना मायदेश कसा सोडावा लागला ही हकीकत आधी येते आणि पुस्तके मागाहून. हा क्रम मला अन्यायाचा वाटतो. छळ झाला म्हणून त्या मोठ्या लेखिका ठरल्या असे नाही. त्यांची नजर आधीच तयार झालेली होती, आणि ती युद्धकाळातही त्यांनी खाली वळवली नाही, म्हणून त्यांचा छळ झाला.

त्यांचा जन्म १९४९ साली, तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग असलेल्या क्रोएशियातील कुटिना या गावी झाला. आई बल्गेरियातील वार्नाची. झाग्रेब विद्यापीठात तौलनिक साहित्य आणि रशियन शिकून त्या तिथल्याच साहित्यशास्त्राच्या संस्थेत संशोधन करू लागल्या. विषय होता रशियन प्रयोगवादी साहित्य. अशा विदुषीने १९८१ साली लिहिलेल्या ‘श्तेफित्सा त्स्वेक जीवनाच्या जबड्यात’ या छोट्या कादंबरीची नायिका मात्र एक एकलकोंडी टायपिस्ट आहे, आणि तिला मैत्रिणींपासून मासिकांपर्यंत सगळेच सल्ले देत असतात. या पुस्तकाची बांधणी शिवणकामाच्या नमुन्यासारखी आहे. इथे कात्री लावा, इथे चुण्या घाला अशा अर्थाच्या खुणा सुरुवातीलाच समजावलेल्या आहेत आणि पुढे त्या गोष्टीच्या मधेमधे येत राहतात. महिला मासिकांतली घासून गुळगुळीत झालेली वाक्ये उग्रेशिच यांनी अशी काही जोडली आहेत की हसू टायपिस्टचे येत नाही, तिच्या अंगावर चढवलेल्या त्या तयार भाषेचे येते. राय्को ग्रलिच यांनी १९८४ साली या कादंबरीवर चित्रपट केला. उग्रेशिच यांच्या १९८८ च्या कादंबरीला युगोस्लाव्हियातला मानाचा ‘निन’ पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

१९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला आणि युद्ध पेटले. त्या काळात झाग्रेबमध्ये ‘शुद्ध क्रोएशियन हवा’ असे छापलेला, राष्ट्रीय चिन्हाने सजवलेला एक रिकामा डबा स्मरणवस्तू म्हणून विकला जात होता. उग्रेशिच यांनी नेमका तो डबा उचलला आणि शुद्धतेच्या या वेडावर १९९२ साली जर्मन साप्ताहिक ‘दी त्साइट’मध्ये लेख लिहिला. टायपिस्टची गोष्ट आणि हा लेख मला एकाच हातचे काम वाटते. आधी मासिकांतली छापील वाक्ये त्यांच्या कात्रीखाली आली होती, आता राष्ट्राची आली. पहिल्या वेळी वाचक हसले होते. दुसऱ्या वेळी हसण्याची कोणाची तयारी नव्हती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘ग्लोबुस’ या क्रोएशियन साप्ताहिकाने पाच स्त्रियांना देशद्रोही ‘चेटकिणी’ ठरवणारा लेख छापला. उग्रेशिच यांच्यासह स्लावेन्का द्राकुलिच, रादा इवेकोविच, वेस्ना केसिच आणि येलेना लोवरिच ही ती नावे. लेखाखाली कोणा एकाचे नाव नव्हते. सोबत एक तक्ता मात्र होता, आणि त्यात या स्त्रियांचे राष्ट्रीयत्व, लग्न, मुले असा सगळा खाजगी तपशील भरलेला होता. लेखिकेच्या मताला उत्तर देण्याऐवजी तिचे लग्न तपासण्याची ही रीत आपल्याकडेही अनोळखी नाही. मला त्याहून अधिक खुपते ते वृत्तपत्रांनी सुरू केलेल्या या प्रकारात सहकाऱ्यांनी आणि परिचितांनी घातलेली भर. १९९३ मध्ये उग्रेशिच यांनी देश सोडला, काही काळ बर्लिनला काढला आणि अखेर ॲमस्टरडॅमला घर केले. तिथेच १७ मार्च २०२३ रोजी त्या वारल्या.

परदेशात लिहिलेल्या पुस्तकांपैकी ‘बिनशर्त शरणागतीचे संग्रहालय’ मला सर्वांत वरचे वाटते. ते सुरू होते बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील रोलांड नावाच्या वॉलरसपासून. बर्लिनची भिंत उभी राहू लागल्यावर आठवडाभराने, ऑगस्ट १९६१ मध्ये तो मेला, आणि त्याच्या पोटात सापडलेल्या वस्तू काचेआड मांडून ठेवल्या गेल्या: लायटर, आइसफ्रूटच्या काड्या, मुलांचे पाण्याचे पिस्तूल आणि असेच बरेच काही. पुस्तकाचा पुढचा भाग त्या काचपेटीसारखाच वाचायचा आहे. आईचा फोटो अल्बम, बर्लिनमधले निर्वासित आणि झाग्रेबमधल्या मैत्रिणी यांची संगती वाचकाने स्वतः लावायची. निर्वासिताच्या आयुष्यावर याहून कमी रडके पुस्तक माझ्या वाचनात नाही.

उत्तरकाळातले त्यांचे सगळेच लेखन मला पटते असे नाही. पुस्तकांच्या बाजारावरचे काही निबंध तेच ते बोलतात, आणि त्यांतली चिडचिड कधीकधी विनोदाला खाऊन टाकते. पण ‘बाबा यागाने अंडे घातले’ (बाबा यागा म्हणजे स्लाव्ह लोककथांतली म्हातारी चेटकीण) या २००८ च्या पुस्तकात त्या पुन्हा रंगात येतात. त्याचा शेवटचा भाग एका लोकसाहित्य अभ्यासिकेने लिहिलेला जाडजूड शोधनिबंध असल्याचा आव आणतो, आणि जुनी संशोधक स्वतःच्याच पेशाची मनसोक्त टिंगल करते. २०१६ साली त्यांना न्यूस्टाट हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हाही त्यांच्या नावामागे ‘क्रोएशियन लेखिका’ हे बिरुद होतेच, आणि त्यांनी ते कधी मनापासून स्वीकारले नव्हते.

त्यांची बरीच पुस्तके इंग्रजी अनुवादांत मिळतात. माझी सूचना एवढीच की निर्वासनावरच्या निबंधांनी सुरुवात करू नये. आधी त्या टायपिस्टची गोष्ट वाचावी आणि मग हवेच्या डब्यावरचा लेख.