फिरायला खुशाल जा, पण हप्त्यावर नको

थोडं लांब लिहायलेय, पण वाचा, आणि घरात नुकतंच नोकरीला लागलेलं पोरगं-पोरगी असेल तर त्यांना पण वाचायला द्या.

मी लातूरला एका बँकेत कर्ज विभागात आहे. दिवाळी जवळ आली की आणि परत मार्च-एप्रिलमध्ये पर्सनल लोनचे अर्ज वाढतात, आणि कारण विचारलं की आधी घरगुती खर्च म्हणतात, मग जरा बोलतं केलं की कळतं मनालीला जायचंय, थायलंडचं पॅकेज घेतलंय, मित्रांनी गोव्याचं ठरवलंय. फिरायला जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही, उलट माझं मत आहे की आपल्या भागातली माणसं फिरतातच कमी, आणि बायका तर माहेर, सासर आणि तुळजापूर एवढ्यावरच आयुष्य काढतात. माणसानं फिरलंच पाहिजे. पण सहा दिवसांच्या ट्रिपसाठी दोन वर्षांचा हप्ता लावून घेणं, हे मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते आकड्यानिशी सांगते.

६०,००० चं पर्सनल लोन, १६ टक्के व्याज, २४ महिने. हप्ता बसतो साधारण २,९४० चा. म्हणजे शेवटी साडेदहा हजाराच्या आसपास नुसतं व्याज, वर प्रोसेसिंग फी वेगळीच. क्रेडिट कार्डचं तर याहून वाईट. समजा ट्रिपचं बिल झालं ५०,००० आणि तुम्ही ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी भरायची रक्कम, बघून २,५०० भरले आणि निवांत झालात. उरलेल्या ४७,५०० वर महिन्याला साडेतीन टक्क्यानं १,६६० च्या आसपास व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ३०० रुपये. अडीच हजार भरून कर्ज कमी झालं कितीनं, जेमतेम साडेपाचशेनं! आणि हे कमीत कमी धरलंय, कारण बिल पूर्ण भरलं नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात आणि नंतर त्या कार्डवर किराणा घेतला तरी त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. मिनिमम ड्यू भरला की लेट फी लागत नाही, एवढंच. बिल मिटलं असं त्यात काही नसतं.

आता कुणी म्हणेल पगार आहे, फेडतो की, तुम्हाला काय अडचण. अडचण ही आहे की आपल्याकडं एका घरात एकाच माणसाच्या नावावर सगळं उभं असतं. पाऊस दगा देतो, सोयाबीनला भाव नसतो, मग शेताला कर्ज त्याच्याच नावावर, बहिणीच्या शिक्षणाला सहकर्जदार तोच, घर बांधायचं तरी तोच. त्याचं सिबिल, म्हणजे कर्ज वेळेवर फेडल्याचा रेकॉर्ड, एका ट्रिपपायी खराब झालं की अख्ख्या घराचा रस्ता अडतो.

मागं औसा तालुक्यातून एक माय-लेक आले होते होमलोनसाठी. पोरगा चांगला, एमआयडीसीत कायम नोकरी, पगाराच्या स्लिपा व्यवस्थित. त्याचा सिबिल रिपोर्ट काढला. ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जाखाली महिन्याचे चौकोन असतात आणि त्यात आकडे, ०००, ०००, ०००, म्हणजे सगळं वेळेवर. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर, ०९० म्हणजे नव्वद दिवस. त्याच्या बाईकच्या कर्जाखाली सगळे शून्य, एक नंबर. पण खाली अजून दोन-तीन छोटी कर्जं, मोबाईल ॲपवरून घेतलेली, ‘आत्ता फिरा नंतर भरा’ टाईप. त्यातल्या एकात दोन हजार आणि वर काही रुपये राहिलेले, नंबर बदलला त्यामुळं कंपनीचे मेसेज आले नाहीत, याला वाटलं संपलं. खाली शिक्का, ‘राइट ऑफ’, म्हणजे कंपनीनं बुडीत धरलेलं कर्ज. त्याची आई म्हणाली, ताई, दोन हजारासाठी घर अडवायलाव का तुम्ही? मी काय सांगणार. अडवणारी मी नव्हते, पण मंजुरी देणारा माणूस रक्कम बघत नाही, शिक्का बघतो. पैसे भरून, ना-हरकत पत्र घेऊन, रिपोर्ट दुरुस्त होईपर्यंत त्यांच्या बांधकामाचा मोसम निघून गेला.

त्या पोराला आपण ‘कर्ज’ घेतलंय हे माहीतच नव्हतं! त्याला वाटलं तिकिटाचे पैसे नंतर द्यायचेत. यातल्या बऱ्याच योजनांमध्ये मागं एखादी फायनान्स कंपनी असते आणि ती तुमच्या पॅनवर रीतसर कर्ज टाकते. ‘नो कॉस्ट ईएमआय’चं पण तसंच, तिथं व्याजाएवढी सूट आधी दाखवतात, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते आणि रोख देणाऱ्याला मिळणारी सवलत बऱ्याचदा हातची जाते.

म्हणून पहिलं काम, स्वतःचा रिपोर्ट काढा. भारतात चार कंपन्या हे रेकॉर्ड ठेवतात, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानं चौघींनीही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असला की सहसा बँका खळखळ करत नाहीत. स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होतो हा गैरसमज डोक्यातून काढा, कमी होतो तो एकाच महिन्यात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्यानं. काही चुकीचं दिसलं तर ऑनलाइन तक्रार करा, ३० दिवसात निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. २०२५ पासून बँका निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवतात, त्यामुळं सुधारणा दिसायला आधीसारखा वेळ लागत नाही.

रिपोर्टमध्ये अजून एक गोष्ट निघते जी बघून लोक चकित होतात, जामीनकी. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला सही केलेली असते, मेव्हण्याच्या दुकानाला केलेली असते, विसरून पण गेलेलं असतं माणूस. त्यांनी हप्ते थकवले की ते तुमच्या रिपोर्टवर पण उमटतं. नात्यात नाही म्हणणं अवघड असतं हे मला माहीत आहे, पण सही केलीच असेल तर वर्षातून एकदा तरी त्या कर्जाचं स्टेटमेंट मागून घ्या, त्यात काही वाईट वाटून घ्यायचं कारण नाही कुणी.

आता कार्ड. कार्ड वापरू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः तिकिटं कार्डवरच काढते. पण पैसे आधी खात्यात असतात, मग कार्ड घासते. पूर्ण बिलाचा ऑटो डेबिट लावून ठेवलाय, मिनिममचा नाही, हे फॉर्मवर नीट बघा, दोन्ही पर्याय शेजारी शेजारीच असतात. लिमिटच्या ३० टक्क्यांपर्यंतच वापर ठेवावा असं आम्ही सगळ्यांना सांगतो, म्हणजे ५०,००० लिमिट असेल तर १५,०००. ट्रिपची तिकिटं काढली आणि त्याच्यावर गेलं तर बिल तयार व्हायच्या आधीच पैसे भरून टाका, ब्युरोकडं, म्हणजे वरच्या रेकॉर्ड ठेवणाऱ्या कंपन्यांकडं, कमी आकडा जातो. ज्यांना कुठलंच कर्ज नाही म्हणून कार्ड मिळत नाही त्यांनी एफडी तारण ठेवून मिळणारं कार्ड घ्यावं, सगळ्यात सुरक्षित मार्ग. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, ते सोयीचं आहे, पण चहाच्या टपरीपासून सगळं त्यावर जायला लागलं की महिनाअखेरीला आकडा बघून घाम फुटतो, तेव्हा जपून.

कार्डवरच्या रिवॉर्ड पॉइंटचं फार कौतुक करू नका. बऱ्याच कार्डांवर एका पॉइंटची किंमत चार आण्याच्या आसपास असते, भाडं, पेट्रोल, वॉलेट यावर अनेकदा पॉइंट मिळतच नाहीत, आणि वार्षिक फी वजा केली की हातात काय राहतं ते एकदा कागदावर मांडा. जो खर्च तसाही करणारच होतात त्यावर मिळाले तर घ्या. पॉइंट मिळतात म्हणून खर्च करणं यासारखा तोट्याचा व्यवहार नाही. यात्रेत रोख लागते म्हणून क्रेडिट कार्डानं एटीएममधून पैसे काढू नका, त्याला वेगळा चार्ज आणि व्याज त्याच दिवसापासून. परदेशात मशीनवर ‘रुपयात भरायचं का’ विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात भरा, रुपयाचा भाव ते त्यांच्या सोयीनं लावतात. आणि जे कार्ड वापरत नाही ते बंद करायचं असेल तर बाकी शून्य करून अर्ज द्या, सात कामकाजाच्या दिवसात बंद केलं नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड आहे. फक्त सगळ्यात जुनं कार्ड फुकटातलं असेल तर राहू द्या, जुना चांगला इतिहास स्कोअरला धरून ठेवतो.

मग फिरायचं कसं? आरडीवर. ट्रिपला आरडी लावा, महिन्याला १,५०० ची, बारा महिन्यांनी १८,००० आणि वर व्याज. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे, त्यातल्या काहींनी साड्या-भांड्यांऐवजी ते पैसे फिरण्यासाठी ठेवले आणि सचखंड एक्सप्रेसनं अमृतसर केलं. मी पण गेले होते आणि माझ्या मते आपल्या भागातल्या माणसाला यापेक्षा मोलाची ट्रिप नाही. नांदेडला आधी हुजूर साहिब, जिथं १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला, आणि तिथूनच गाडी थेट अमृतसरला, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड, भोपाळ, दिल्ली करत दीड दिवस. वाटेतल्या स्टेशनांवर लंगर येतो, लोक ताट-वाटी हातात धरून दारात उभे राहतात, गरम कढी-भात, भाजी, कुणी जात विचारत नाही, तिकीट कुठल्या डब्याचं आहे विचारत नाही. आमच्यातल्या एक मावशी, आयुष्यात सोलापूरच्या पुढं न गेलेल्या, त्या वाढणाऱ्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवून ‘लई पुण्य लागंल रे बाबा तुला’ म्हणाल्या, त्याला मराठी येत नव्हतं, पण तो हसला आणि परत वाढलं. सुवर्णमंदिराच्या धर्मशाळेत राहायची सोय, जालियनवाला बाग चालत अंतरावर. एकाच गावात राहिलो, सकाळी एकदा आणि रात्री एकदा मंदिरात जाऊन बसलो, घाई कसलीच नाही. सहा दिवसात अकरा पॉइंट दाखवणाऱ्या पॅकेजमध्ये हे होत नाही, तिथं गाडीत चढणं-उतरणंच लक्षात राहतं.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. मे महिन्याचं तिकीट मार्चमध्येच काढायला बसा, तत्काळच्या नादात दुप्पट धावपळ होते.

ज्यांचं कार्ड आत्ताच थकलंय त्यांच्यासाठी पण लिहिते, कारण मेसेज त्यांचेच जास्त येतात. कार्डचा वापर आज थांबवा. ४० टक्क्यांच्या व्याजावर चालढकल करण्यापेक्षा सोनं तारण ठेवून किंवा एफडीवर कमी व्याजाचं कर्ज काढून ते एकरकमी मिटवा. वसुलीवाला ‘अर्ध्यात सेटल करू’ म्हणाला तर लगेच हुरळून जाऊ नका, रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची बँक त्याला अर्धवट फेड समजते. झेपत असेल तर पूर्ण भरा आणि लेखी पत्र घ्या.

आणि या वर्षी तुमची ट्रिप जवळचीच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास मिळतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ च्या पुढच्या आजी-आजोबांना फुकट. तेरला जा, गोरोबाकाकांचं गाव म्हणून जातातच लोक, पण तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय बघत नाहीत, दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा रोमशी व्यापार होता त्याच्या वस्तू तिथं ठेवल्यात. खरोश्याची लेणी आहेत, पावसाळ्यात नळदुर्गचा पाणीमहाल आहे, देगलूरकडं होट्टलची मंदिरं आहेत. अजिंठ्याला गेलात तर फर्दापूरहून सकाळच्या पहिल्या बसनं वर जा आणि १, २, १६, १७ या लेण्यांना वेळ द्या, सगळ्यात चांगली चित्रं तिथं आहेत, डोळे अंधाराला सरावले की भिंतीतून एक एक चेहरा दिसायला लागतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, दोन्ही करायचं असेल तर बुधवारी निघा.