उजनीत बोट घेऊन पळू इच्छिणाऱ्यांस सविनय सूचना

उजनी धरणाच्या फुगवट्यात रात्री सक्शन बोटीने वाळू उपसत असताना महसूल आणि पोलिसांचे पथक आलेच, तर आपण मुळीच थांबू नये. थांबणाऱ्याच्या वाट्याला वाळूचोरीचे, म्हणजे 3 वर्षांपर्यंतच्या कैदेचे, एखादेच कलम आणि बाजारभावाच्या 5 पटींपर्यंतचा महसुली दंड येतो; एवढ्या माफक प्रकरणावर समाधान मानणे आपल्यासारख्या उद्योजकास शोभत नाही.

पळू लागताच भारतीय न्याय संहिता आपला अधिक आदराने विचार करते. कायदेशीर अटकेला विरोध केल्यास कलम 262 खाली 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिवे मालवून, मच्छीमारांच्या जाळ्यांवरून आणि त्यांच्या जिवावर उठून बोट दामटल्यास कलम 282 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; आणि पथकाच्याच होडीवर बोट घातल्यास कलम 132 खाली पुन्हा 2 वर्षांपर्यंत. केवळ अडथळा आणणाऱ्यास मात्र कलम 221 मध्ये 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि वाळूच्या दराशी हा आकडा ताडून पाहिल्यास कायदा करणाऱ्यांची काटकसर डोळ्यांत भरते.

दिशेचा विचार आधीच करून ठेवावा. जलाशय विस्तीर्ण असला तरी एका टोकाला धरणाची भिंत आहे आणि उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून पाणी वजा पातळीत गेले की दुसऱ्या टोकाला गाळ. (त्याच पाण्याची वाट सोलापूरकर काही दिवसांआड नळापाशी पाहत असतात, पण तो आपला विषय नव्हे.) करमाळ्याकडून इंदापूरचा काठ गाठला की जिल्हा बदलतो आणि सोलापूरचे पोलीस माघारी फिरतात, ही समजूत खुशाल बाळगावी, विनावॉरंट अटक करता येणाऱ्या आरोपीचा देशात कोठेही पाठलाग करण्याची मुभा पोलिसांना आहे, हे त्यांनाच आठवू द्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोटीवर आपण स्वतः असू नये. परमुलखातून आणलेले मजूर पाण्यात उड्या टाकतील, जमल्यास पोहून काठ गाठतील, आणि मागे राहिलेली बोट पथक जिलेटीनने उडवून देईल. त्यानंतर बोट चोरीला गेली होती असे सांगावयाचे असल्यास तशी तक्रार पोलीस ठाण्यात जाऊन वेळेवर नोंदवावी. फक्त आत शिरण्यापूर्वी बाकावर आपलेच मजूर बसलेले नाहीत ना, हे खिडकीतून पाहून घ्यावे.